मळ्यातल्या घराच्या प्रकल्प नोंदी: कमी सळई, कमी सिमेंट, कमी खर्च

२६ नोव्हेंबर २०२३

आई-आप्पांसाठी मळ्यात घर बांधायचे ठरले. औसा तालुका, जिल्हा लातूर. बाहेरून बाहेर २६ बाय ३४ फूट, म्हणजे ८८४ चौरस फूट. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मधली बैठक, पुढे ओटा. तळमजलाच.

गावात सध्या ठेकेदाराचा दर चौरस फुटाला १,८०० रुपये, मालासकट. त्या हिशेबाने १५ लाख ९१ हजार होतात. आप्पांनी बाजूला ठेवले आहेत १३ लाख. कर्ज काढायचे नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले.

मी व्यवसायाने सिव्हिल इंजिनियर आहे आणि हे तीन लाख कुठून काढायचे याचे माझे उत्तर तयार आहे. स्वस्त माल आणून ते निघत नाहीत. जो माल आणावाच लागत नाही, त्यातून निघतात. सिमेंट, सळई, वीट या तिन्ही वस्तू आगीतून तयार होतात आणि डिझेलवर गावात येतात. त्या जितक्या कमी लागतील तितका खर्चही कमी आणि धूरही कमी. इथे पैसा आणि पर्यावरण यांचे भांडण नाही. ही वही त्यासाठीच. प्रत्येक ठिकाणी काय वाचले आणि काय वाचले नाही, दोन्ही लिहीन.

३ डिसेंबर

गावातले आमचे जुने माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचे घर, उतरवायला सुरुवात. ते पाच वर्षांपासून बंद आहे, एका बाजूची भिंत फुगली आहे. जेसीबीवाला म्हणाला, अर्ध्या दिवसात सपाट करतो. नको म्हटले. जेसीबीने पाडलेल्या घराचा फक्त ढिगारा होतो, हाताने उतरवलेल्या घरातून माल निघतो.

तुळया, खांब आणि किलच्या (तुळयांवरच्या बारीक फळ्या) वेगळ्या रचल्या. खांब सागवानी आहेत, तुळयांत बाभूळही आहे. दोन तुळयांच्या टोकांना वाळवी लागली आहे, तेवढा भाग कापून बाकीचे लाकूड ठणठणीत आहे. सुतार पाहून गेला. पाच दरवाजे आणि आठ खिडक्यांच्या चौकटी यातून निघतील, झडपांनाही बरेच पुरेल असे त्याचे मत. आजच्या भावाने असे सागवान विकत घ्यायचे तर आम्ही लोखंडी चौकटींवरच थांबलो असतो.

दगड अंदाजे ८ ब्रास निघेल (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). चांगला काळा दगड. पायासाठी ११ ब्रास लागणार आहे, तेव्हा विकत फक्त ३ ब्रास. छतावरची पांढरी माती आप्पा शेतात टाकणार आहेत.

१० डिसेंबर

आजची नोंद लांब होणार, कारण आजचा निर्णय या घरातला सगळ्यात मोठा आहे.

भाऊ पुण्याहून आला होता. त्याने नकाशा पाहिला आणि विचारले, कॉलम कुठे आहेत? गावात आता कॉलमशिवाय घर म्हणजे गरिबाचे घर, अशी समजूत झाली आहे. ठेकेदाराच्या आराखड्यात १२ कॉलम होते. त्यांचे खड्डे, त्यांवर बीम आणि मग बीमच्या मधे विटांची भिंत. त्या भिंतीवर कसलाही भार नाही, ती नुसता पडदा. तळमजल्याच्या घरात ९ इंची भिंत छताचे वजन सहज पेलते. तीच भिंत बांधायची, तिला काम द्यायचे नाही आणि काम करायला शेजारी कॉलम उभा करायचा, म्हणजे एकाच कामाचे पैसे दोनदा मोजायचे.

हिशेब मांडला. सांगाडा पद्धतीने, म्हणजे कॉलम-बीमवर, या घराला अंदाजे ३.१ टन सळई लागते. भारवाहक भिंती, त्यात भूकंपाचे पट्टे आणि उभे गज धरून १.८ टन. १.३ टनांचा फरक, ६० रुपये किलोने ७८ हजार. पट्ट्यांचे काँक्रीट वजा जाता कॉलम-बीमचे साधारण ५ घनमीटर काँक्रीट वाचते, ते ३२ हजारांच्या घरात. त्यांचे सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचे साचे, १५ हजार. बेरीज सव्वा लाख. एकही वीट रचण्याआधी, कागदावरच.

पैशाचे ऐकून भाऊ गप्प झाला. आई मात्र झाली नाही. आमचे गाव किल्लारीपासून लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, तिथे भूकंप झाला तेव्हा गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. आमच्या घराची एक भिंत गेली, माणसे वाचली. आईच्या माहेरची वाचली नाहीत. ती एवढेच म्हणाली, "कॉलम नसंल तर मी त्या घरात झोपणार नाही."

तिची भीती खरी आहे आणि तिला खरेच उत्तर द्यायला हवे होते. तिच्याबरोबर बसून चित्र काढले. त्या रात्री घरे पडली ती कॉलम नव्हते म्हणून नाही. दगडी भिंतीची आतली आणि बाहेरची अशी दोन तोंडे वेगवेगळी रचलेली होती, मधे माती आणि गोटे भरलेले. दोन्ही तोंडांना सांधणारा आरपार दगड नव्हता. हादरा बसताच दोन्ही तोंडे विलग झाली. आणि डोक्यावर फूट-दोन फूट मातीचे माळवद. एक फूट मातीचे वजन चौरस मीटरला जवळजवळ ५०० किलो होते. आपला ५ इंची स्लॅब ३१२ किलोंचा.

मग आपल्या भिंतीत काय घालतो ते दाखवले. जोत्याला सगळ्या भिंतींवरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा, लिंटेलला, म्हणजे दारा-खिडक्यांच्या माथ्यावर, तसाच दुसरा. प्रत्येक कोपऱ्यात, भिंती मिळतात तिथे आणि दाराच्या दोन्ही बाजूंना पायापासून स्लॅबपर्यंत उभा गज. खिडकी कोपऱ्यापासून दोन फूट लांब. भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस ४३२६ या भारतीय मानकात हेच सांगितले आहे. पट्टा म्हणजे चारही भिंतींना एकत्र बांधणारा कमरपट्टा, असे मी म्हणाले तेव्हा आईने विचारले, "दोन्ही पट्टे मला दाखवशील भरताना?" दाखवीन म्हटले.

वरच्या मजल्याचाही विषय निघाला. "उद्या वाढवायचं झालं तर?" गावात घराघरावर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया गंजत उभ्या आहेत. जो मजला येणार नाही त्याचा पाया आज भरायचा नाही. आप्पांनी हो म्हटले, विषय संपला.

१७ डिसेंबर

आखणी. घराची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली. त्यामुळे मोठ्या भिंती उत्तर-दक्षिणेला तोंड करून येतात. पश्चिमेला न्हाणी, संडास आणि कोठी. मे महिन्यातल्या दुपारचे ऊन त्या तिघांनी सोसायचे, झोपायच्या खोल्यांनी नाही.

आपण साधारण १८.२ अक्षांशावर आहोत. मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. म्हणजे उन्हाळ्यात सगळ्यात जास्त तापते ते छत, भिंती नंतर. डिसेंबरात दुपारचा सूर्य ४८ अंशांवर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून आत येतो, तेव्हा तो हवासाच असतो. दक्षिणेला दोन फुटांचा छज्जा पुरे.

याला एक रुपयाही लागला नाही. नकाशा फिरवला इतकेच.

२१ डिसेंबर

विटा. रॅट-ट्रॅप बाँड करायचा आहे. वीट आडवी न ठेवता उभ्या काठावर ठेवायची. दोन विटा समांतर, मधे पोकळी, मग त्यांना जोडणारी एक आडवी वीट. भिंत ९ इंचीच राहते, आतून पोकळ. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात ही बांधणी रुजवली. कॉलेजच्या सहलीत तिरुवनंतपुरमला त्यांनी बांधलेले सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज पाहिले होते. ५० वर्षे होत आलेल्या त्या उघड्या विटांच्या भिंती पाहून हे काम कधीतरी स्वतः करायचे हे तेव्हाच मनात होते.

पुस्तकांत विटांची पाव बचत लिहिलेली असते. ती सगळीकडे मिळत नाही, हे भट्टीवर टेप घेऊन गेल्यावर लगेच कळते. आपल्याकडची वीट ९ बाय ४ बाय ३ इंच. नेहमीच्या बांधणीत चौरस फुटाला ९ विटा लागतात. हीच वीट उभी ठेवली तर पावणेआठ. बचत १५ टक्क्यांच्या आत. पाव बचतीचे गणित साडेचार इंच रुंद विटेवर बसवलेले आहे, तिथे चौरस फुटाला ६.९ विटा पडतात.

तालुक्यातल्या दुसऱ्या एका भट्टीवर साडेचार इंची साचा मिळाला. वीट आठ आण्यांनी महाग, ७ ऐवजी साडेसात रुपये. तरी हिशेब असा: नेहमीची भिंत चौरस फुटाला ६३ रुपये विटांचे, ही भिंत पावणेबावन्न. १,५५० चौरस फूट भिंत आहे, म्हणजे १७ हजार. सिमेंट-वाळूचा मसालाही कागदावर निम्मा लागतो. प्रत्यक्षात थोडा पोकळीत सांडणारच, म्हणून मी पाऊण धरला.

राखेच्या विटांचाही विचार केला होता. परळीच्या औष्णिक केंद्राची राख वापरून त्या होतात आणि भाजाव्या लागत नाहीत. पण लातूर ओलांडून पुढून गाडी आणायची, भाड्यातच फायदा जातो. परळीच्या जवळ घर असते तर मी डोळे झाकून त्याच घेतल्या असत्या.

४ जानेवारी २०२४

पाया. काळी माती चार फूट, खाली मुरूम लागला. काळ्या मातीवर पाया ठेवायचा नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीला तडा देते. इथे एक पैसाही वाचवायचा नाही. मुरमापर्यंत गेलो, जुन्या घराचा दगड भरला, दर तीन-चार फुटांवर आरपार दगड ठेवला. दोन्ही बाजूंनी परत काळी माती न लोटता मुरूमच भरला.

दगड वाहायला ट्रॅक्टर ६ हजार. विकत घेतला असता तर ८ ब्रासचे २८ हजार.

१९ जानेवारी

जोत्याचा पट्टा भरला. आई आली होती, शेवटचे घमेले पडेपर्यंत उभी राहिली.

२ फेब्रुवारी

मिस्त्रींना उभी वीट मान्य नव्हती. "ताई, पोकळ भिंतीत खिळा तरी बसंल का? अन् लोक म्हणतील मिस्त्रीनं माल खाल्ला." तीस वर्षे हात बसलेला माणूस आहे, त्याला कागद दाखवून उपयोग नाही. म्हणून आधी कोठीची एक भिंत नमुना म्हणून बांधायचे ठरले. मजुरी दिवसावर, चौरस फुटावर नाही. घाई झाली की ही बांधणी बिघडते.

पहिला आणि शेवटचा थर भरीव. दारा-खिडक्यांच्या कडाही भरीव. मसाला १:६, एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू. वीट भिजवून घ्यायची, नाहीतर ती मसाल्यातले पाणी ओढते. पोकळीत मसाला पडू नये म्हणून मिस्त्रींनीच एक युक्ती काढली. तीन इंचाची लाकडी पट्टी पोकळीवर ठेवायची, मसाला पसरायचा, पट्टी उचलून पुढे सरकवायची. वीट थोडीफार कमीजास्त असतेच, तेव्हा ओळंबा बाहेरच्या तोंडाला लावायचा. आतून गिलावा होणार आहे, तिकडचा फरक झाकला जातो.

भिंत छातीएवढी झाल्यावर मिस्त्रींनी स्वतःच विटा मोजल्या. मग म्हणाले, "आता पुढची उद्या धरू."

२० फेब्रुवारी

काम संथ. बिगारी मिळत नाहीत, निम्मी माणसे ऊसतोडीला गेली आहेत. मार्च संपेपर्यंत हे असेच राहणार. कोपऱ्यांतल्या पोकळीत गज उभा करून दर तीन थरांनी बारीक खडीचे काँक्रीट भरत आहोत. पूर्ण उंचीवर एकदम ओतले तर खाली पोकळ राहते.

१ मार्च

लिंटेलचा पट्टा. ३ इंच जाड, १० मिलिमीटरचे दोन गज, ६ इंचांवर रिंगा. कोपऱ्यात गज नुसते एकमेकांवर टेकवायचे नाहीत, वाकवून दुसऱ्या भिंतीत दीड-दोन फूट न्यायचे. सगळी ताकद त्या वळणात आहे. पट्टा दारा-खिडक्यांवरून सलग जातो, त्यामुळे वेगळे लिंटेल जवळजवळ लागले नाहीत.

आईला दाखवला. तिने कोपऱ्यातला वाकवलेला गज हाताने ओढून पाहिला.

९ मार्च

सिमेंट-वाळूचा हिशेब. सिमेंट पीपीसीच, म्हणजे राख मिसळलेलेच, घेत आहे. त्यात १५ ते ३५ टक्के राख असते, तेवढा क्लिंकर (सिमेंटचा भट्टीत भाजलेला मूळ घटक) कमी भाजला जातो. पोत्यामागे दरही थोडा कमी. ताकद सावकाश येते, म्हणून पाणी जास्त दिवस मारावे लागते. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकात साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि असे मिश्र सिमेंट असेल तर १० दिवस सांगितले आहेत. उन्हाळा आहे, मी १४ धरले आहेत.

नदीची वाळू घेतली नाही. मांजरा आणि तेरणा किती उपसल्या आहेत ते इथल्या प्रत्येकाला दिसते. धुतलेली क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, ब्रासला अडीच-तीन हजारांनी स्वस्त पडली. खडी-वाळूच्या आयएस ३८३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत तिला मान्यता आहे. खाणीवरची न धुतलेली कच मात्र घ्यायची नाही. तिच्यातली भुकटी पाणी पिते, मग मिस्त्री पाणी वाढवतो आणि काँक्रीट कमजोर होते. मुठीत घेऊन पाहिले तरी फरक कळतो.

२४ मार्च

उद्या होळीची धुळवड, मजूर येणार नाहीत, म्हणून स्लॅबची तयारी आजच पूर्ण केली.

छत फिलर स्लॅबचे. स्लॅबमध्ये दाब वरचा भाग घेतो आणि ताण खालची सळई घेते. सळयांच्या मधले खालचे काँक्रीट नुसते ओझे म्हणून असते. तिथे हलके काहीतरी ठेवले तर स्लॅबचे काही बिघडत नाही. आम्ही मंगलोरी कौले ठेवली, एकावर एक दोन. मधे हवा राहते. एका जुन्या जिनिंगचे, म्हणजे कापसाच्या कारखान्याचे, छप्पर उतरवले तेव्हाची ६८० कौले ६ रुपये नगाने मिळाली. ३४० जोड्या. भिंतींजवळचा आणि संडास-न्हाणीवरचा भाग भरीव ठेवला.

कौले आधी रात्रभर पाण्यात. सेंटरिंगवर चौकोन आखून घेतले, मग सळई, मग कौले. चालायला फळ्या टाकल्या, नाहीतर कौले फुटतात.

याचे पैसे किती? जोडीमागे पाव घनफूट काँक्रीट वाचते, एकूण ८५ घनफूट, म्हणजे २.४ घनमीटर. त्याचे १३ हजार. कौलांचे ४ हजार गेले. हातात ९ हजार. फार नाहीत, आणि फिलर स्लॅबने निम्मा खर्च वाचतो असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मला हा स्लॅब हवा होता तो दोन कारणांसाठी. कौलांतली हवा उष्णता अडवते. आणि कौलांचे वजन धरूनही छतावरून सुमारे साडेचार टन ओझे उतरले. आईला मी हा आकडा सांगितला तेव्हा तिने तो आप्पांना पुन्हा सांगितला.

२७ मार्च

स्लॅब भरला. सकाळी सहाला सुरू, अकराच्या आत संपवला. उन्हात काँक्रीट ओढायचे नव्हते.

१२ एप्रिल

पाणी. गेल्या पावसाळ्यात पाऊस कमी झाला, बोअर अर्धा तास चालून बंद पडतो. टँकर विकत आणतो आहोत. स्लॅबवर आळी करून पाणी तुंबवले, भिंतींना ओली तरटे लावली. पाइपने दिवसातून चार वेळा झोडपण्यापेक्षा तरट एकदा भिजवले की दुपारपर्यंत ओल धरते.

बाहेरून गिलावा करायचा नाही हा निर्णय टँकरची बिले पाहून आणखीच पटला. गिलाव्याला पुन्हा सिमेंट, पुन्हा वाळू, पुन्हा आठवडाभर पाणी, मग त्यावर रंग. १,०५० चौरस फुटाला गिलाव्याचे ४० आणि रंगाचे १५ रुपये. त्याऐवजी दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, भरून घेत आहोत, १२ रुपयांनी. ४५ हजार वाचतात आणि दर चार-पाच वर्षांनी येणारा रंगाचा खर्च कायमचा जातो. पश्चिमेच्या भिंतीवर पाऊस झोडपतो, तिथल्या दरजा मिस्त्रींनी आत दाबून, थोड्या उतरत्या काढल्या म्हणजे पाणी विटेवर थांबणार नाही.

शेजारचे काका पाहून म्हणाले, काम अर्धवट दिसतंय. त्यांनी दरजा पूर्ण झाल्यावर पुन्हा यावे अशी माझी इच्छा आहे.

आतून मात्र गिलावा केला. आईला गुळगुळीत भिंत हवी होती, तिच्या घरात तिला हवे तसे.

७ मे

मतदान. काम बंद.

१४ मे

फरशी. भावाचा आग्रह व्हिट्रिफाइड टाइलचा. ती मोरबीहून, गुजरातमधून येते, भट्टीत भाजलेली. आपल्या शेजारी, कलबुर्गी जिल्ह्यात, शहाबादी दगडाच्या खाणी आहेत. तो थर जमिनीतून जवळजवळ फरशीच्याच रूपात निघतो. कापायचा, घासायचा, झाले. चौरस फुटाला २२ रुपयांचा फरक पडला, ८०० चौरस फुटाला साडेसतरा हजार. उन्हाळ्यात शहाबादीवर उघड्या अंगाने झोपण्याचे सुख मराठवाड्यात कुणाला सांगावे लागत नाही. फरश्या जाडीला सारख्या नसतात, बसवणारा हात चांगला हवा आणि खालचा मसाला थोडा जास्त जातो. पॉलिश दोनदा करून घेतले.

१८ मे

गच्चीवर चुन्याचा पांढरा थर. अर्धी गच्ची झाल्यावर दुपारी दोन वाजता मिस्त्री आणि मी अनवाणी गेलो. राखाडी भागावर पाय टेकवत नव्हता, पांढऱ्यावर उभे राहून बोलता येत होते. चुना दरवर्षी द्यावा लागेल. एक पोते चुना आणि एक सकाळ. खोलीत पंखे ३० वॅटच्या आसपासचे, कमी वीज खाणारे बीएलडीसी मोटरचे घेतले, जुने ७५ वॅट खातात. कूलरची जागा ठेवली आहे, एसीची नाही.

२ जून

पावसाच्या पाण्याची टाकी तयार. फेरोसिमेंटची, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंटचा पातळ थर दिलेली, १० हजार लिटर. गच्ची ८२ चौरस मीटर. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस आणि ८० टक्के पाणी हाती लागेल असे धरले तर ४५ हजार लिटरच्या पुढे जाते. टाकी भरून वाहणारे पाणी बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या जिल्ह्यात आपल्या गच्चीवरचे पाणी नालीत सोडणे मला पटत नाही, हिशेब कसाही येवो. पहिल्या पावसाचे पाणी बाहेर काढायची व्हॉल्व्ह बसवली. वर चुना आहे, पहिले दोन पाऊस टाकीत घ्यायचे नाहीत.

१६ जून

सौर पॅनेल १ किलोवॅट. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३० हजार अनुदान आहे. दिवसाला सरासरी ४ युनिट, महिन्याला १२० धरा. आई-आप्पांना तेवढे पुरते. ३ किलोवॅटचा आग्रह झाला, कारण अनुदान ७८ हजारांपर्यंत जाते. पण ज्या घराला १२० युनिट लागतात त्याने ३५० युनिटांची यंत्रणा अनुदानासाठी बसवायची, हा त्या वरच्या मजल्याच्या सळयांचाच प्रकार झाला. महावितरणच्या मीटरची वाट पाहत आहोत.

३० जून

हिशेब बंद केला. टाकी आणि सौर सोडून घराला १३ लाख ४ हजार. चौरस फुटाला १,४७५. आप्पांच्या रकमेत बसले म्हणायला हरकत नाही. टाकी आणि पॅनेलचे पैसे भावाने घातले.

वाचलेले पैसे साधारण मोठ्यापासून लहानापर्यंत: कॉलम-बीम न केल्याचे सव्वा लाख, जुन्या लाकडाचे ५५ हजार, बाहेरचा गिलावा आणि रंग ४५, दगड २२, फरशी साडेसतरा. रॅट-ट्रॅपच्या विटा आणि मसाल्याचे २५ हजारांच्या पुढे गेले होते, पण मजुरी जास्त लागली, निव्वळ २० राहिले. फिलर स्लॅब ९.

ज्या गोष्टींचे लोक फोटो काढून नेत आहेत, म्हणजे उभ्या विटांची नक्षी आणि कौलांचे छत, त्यांचे मिळून २९ हजार. सव्वा लाखाचा कुणी फोटो काढत नाही, कारण तिथे काढण्यासारखे काही उभेच नाही. घर बांधणारे लोक मला विचारतात, कोणती वीट घेऊ, कोणता रंग घेऊ. मी त्यांना नकाशा आणायला सांगते. विटा घेऊन झाल्यावर वाचवण्यासारखे थोडेच उरते.

७ जुलै

मिस्त्रींना शेजारच्या गावात घर मिळाले आहे. मालकाने आमचे घर पाहून "तसंच उभ्या विटेचं" मागितले. मिस्त्री नकाशा घेऊन आले. दोन मजली, काळी माती आठ फूट आणि ४ इंची वीट आधीच उतरवून ठेवलेली.

त्यांना सांगितले, हे घर तसे करू नका. आठ फुटांपर्यंत दगडी पाया न्यायचा तर आपल्याकडे वाचलेले तिथेच पुरले जाईल. तिथे कॉलम आणि खाली बीम हेच योग्य, आणि भिंत भार घेणार नसेल तर ९ इंची कशाला, आतल्या भिंती ४ इंचीच करा. ४ इंची विटेत उभ्या बांधणीची बचतही तुटपुंजी आहे. बाहेरचा गिलावा टाळता येतो का ते वीट पाहून ठरवा. भट्टीतली कच्ची निघाली तर टाळू नका. वीट चोवीस तास पाण्यात ठेवा. वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त पाणी प्यायली तर ती पावसात उघडी ठेवायची नाही. नकाशा मात्र फिरवून घ्या, त्यांच्या दोन्ही झोपायच्या खोल्या पश्चिमेला आल्या आहेत.

मिस्त्रींनी वीट तपासायची पद्धत त्यांच्या वहीत लिहून घेतली. मंगळवारी त्या जागेवर जायचे आहे, मालकाला सांगितले आहे की खिडक्यांची आखणी तोवर करू नका.